भिंतीवरचा डबा

मुलांनो, आमचे कारध्याचे शेजारी सुखदेवभाऊ जेवणाचा भरलेला डबा आमच्या सामाईक भिंतीवर उन्हात ठेवतात आणि तासन्‌तास त्याला कोणाला हात लावू देत नाहीत. मग झाकण उघडून खोल वास घेतात आणि मला हाक मारतात, "बाई, या जरा. तुमचं शिकलेलं नाक लागते."

सुखदेवभाऊ वैनगंगेत मासे धरतात. बायको गेल्यावर स्वयंपाकही शिकले. मुलगी वर्षा नागपूरला नर्सिंग शिकत होती, तेव्हा रोज पहाटे पूल ओलांडून ते भंडाऱ्याच्या स्टँडवर जात आणि तिचा डबा एसटीच्या कंडक्टरकडे देत. आमच्याकडची कितीतरी मुलं अशी बसच्या डब्यावर शिकली. वर्षाचा पेपर असला की डब्यात झिंगे असत.

आता वर्षा इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे आणि तिला एम.एस्सी. करायचं आहे. किती कॉलेजांत अर्ज करावेत, हे विचारायला ती माझ्याकडे आली. तुम्हाला सांगितलं असतं तेच मी तिला सांगितलं. दोन हमखास मिळतील अशी, दोन मिळाली तर मिळाली अशी, आणि एक मनातलं.

सुखदेवभाऊंना ही वाटणी पटली नाही. "जिथं डबा पोचते, तिथं अर्ज. बाकी हिशेब कायले?"

तेव्हापासून भिंतीवर परीक्षा सुरू झाली. बस जितका वेळ चालणार, तितका वेळ डबा उन्हात. नागपूर पास. वर्धा पास. पुण्याचं वरण आंबलं, पुणं कटलं. बंगळूरचा डबा दुसऱ्या दिवशी उघडला, तेव्हा भिंतीवरची मांजर उठून निघून गेली.

"बाबा, तिथं मेस राहते!" वर्षा वैतागली.

"मेसवाला तुले झिंगे करून देते का?"

मला हसू आलं. वर्षाला आलं नाही. तिच्या मनातलं कॉलेज बंगळूरचंच होतं. नवजात बाळांची शुश्रूषा तिथे फार चांगली शिकवतात म्हणे. तरी भरायला घेतलेला तो अर्ज तिने बाजूला ठेवला. मला हळूच म्हणाली, "मी गेली तं बाबा कोणासाठी रांधतीन, आजी?"

मुदत संपत आली आणि एका सकाळी भिंतीवर डबा दिसला नाही. मला चैन पडेना. जाऊन पाहते तर सुखदेवभाऊ गच्चीवर. जुनं जाळं अंथरून त्यावर झिंगे पसरत होते.

"हे काय हो?"

"सुकवून राहिलो, बाई. हे बंगलोरले बी नासत नाही. पोरीले म्हणा, तो दूरचा अर्ज बी भरून टाक."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगाले गेलो तं पोरगी आधी माह्या तोंडाकडे पायते."

एवढं बोलून ते कावळे हाकलायला पाठमोरे झाले. गच्चीवर एकही कावळा नव्हता.