अकरा टाक्यांचा शिंपी

कातडीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, हे आधीच सांगून ठेवतो. अठ्ठावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. पेशंट दारातून येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत मी ओळखलेलं असतं की हा नायटा, ही खरूज, की घरात कोणीतरी नवा साबण आणलाय! आमचा कंपाउंडर तर म्हणतो, पेशंटनं फोनवर खाजवलं तरी डॉक्टरांना आवाजावरून कळतं. तो जरा वाढवून बोलतो, पण मी कधी त्याला अडवलेलं नाही.

माझी दुसरी ख्याती म्हणजे थापा पकडणं. अंगावर पुरळ घेऊन येणारा माणूस जेवढं खोटं बोलतो, तेवढं ताप घेऊन येणारा बोलत नाही. काही लावलं होतं का, विचारलं की मान हलवून नाही म्हणतात. मग जरा दरडावलं की खिशातून पिळून चपटी झालेली ट्यूब निघते. ती मेव्हण्यानं दिलेली असते, मेव्हण्याला शेजाऱ्यानं दिलेली असते, आणि शेजाऱ्याला ती गुडघेदुखीवर मिळालेली असते! मी मग चांगली दहा मिनिटं झाडतो. डॉक्टरपासून लपवून तुमचंच नुकसान होतं, वगैरे. हे भाषण मला तोंडपाठ आहे.

तर असा मी. आणि मागच्या महिन्यात माझ्याच हातांना खाज सुटली.

आधी उजव्या हाताची दोन बोटं. मग बोटांमधली बेचकी. मग दोन्ही हातांची पाठ लाल, खरखरीत, आणि बोटांच्या पेरांवर बारीक भेगा. पहिले काही दिवस खरं सांगायचं तर मला मजाच वाटली. एवढी वर्षं दुसऱ्यांची कातडी पाहिली, आता घरबसल्या केस मिळाली! मी भिंग घेऊन गॅलरीत उजेडाला बसायचो. पट्टी लावून लाल चट्टे मोजायचो, वहीत दोन्ही हातांचे नकाशे काढायचो. सोमवारी मला तो नायटा वाटला म्हणून नायट्याचं मलम लावलं. बुधवारी खरूज वाटली, ते औषध लावलं. शुक्रवारी वाटलं, दोन्ही नाही, म्हणून कंपन्यांची माणसं नमुन्याला देऊन जातात त्यातली एक ट्यूब उघडली. रविवारी नकाशात हातापेक्षा लालच जास्त होतं.

एवढ्यात आमची मुलगी तिच्या एकोणीस दिवसांच्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली. मी आजोबा झालो होतो आणि नातीला अजून हातात घेतलं नव्हतं. दार उघडल्या उघडल्या मी हात पुढे केले. मुलीनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि बाळाला घेऊन सरळ दोन पावलं मागे सरकली.

"बाबा, हे काय आहे?"

मी म्हणालो, काही नाही, किरकोळ आहे. काय किरकोळ आहे, असं तिनं विचारलं. आता ती वकील आहे. तिला उत्तर देताना माणसानं दोनदा विचार करावा. मी म्हणालो की नायटा असेल, किंवा खरूज असेल, किंवा दोन्ही नसेल. झालं! तिनं फर्मान काढलं की दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं, आणि हे बाळाला लागणारं नाही असं लिहून आणायचं, तोवर बाळाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं, मीच देतो की लिहून. तर म्हणाली, स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश होता येत नाही. बायकोनं शांतपणे तिचीच बाजू घेतली.

मग माझे फार हाल झाले. जांभई देताना त्या पोरीचा अख्खा चेहरा तोंड होऊन जायचा, आणि मी ते खोलीच्या उंबऱ्यातून पाहायचो. माझी बायको घेते, जावई घेतो, समोरच्या काकू येऊन पाच मिनिटं घेऊन जातात, आणि सख्खा आजोबा हात मागे बांधून उभा! मला दुसरं काही नको होतं. त्या पोरीला एकदा उचलून घ्यायचं होतं, बस्स.

दाखवायचं तर कोणाला? ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की कातडीवाल्या डॉक्टरांचीच कातडी गेली. म्हणून मी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, नुकताच दवाखाना उघडलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. शिवाय मनात एक कुतूहलही होतं. मी डॉक्टर आहे म्हटलं की समोरचा अदबीनं वागतो. साध्या पेशंटला ही मुलगी कशी तपासते, ते मला पाहायचं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाकावर नंबर लावून बसलो. काय गंमत असते हो तिथं! शेजारच्या बाईंनी माझे हात पाहून दोन उपाय सांगितले आणि तिसरा आठवेना म्हणून बहिणीला फोन लावला.

माझा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी माझे हात उजेडात घेतले, उलटेसुलटे पाहिले, कोपर पाहिले, पायाची बोटंसुद्धा पाहिली. मी मनात तिला मार्क देत होतो. मग तिनं विचारलं, काका, काम काय करता?

आता ह्याचं उत्तर मी तयारच केलं नव्हतं! समोर तिच्या पांढऱ्या कोटाची खालची शिवण उसवून लोंबत होती. माझी नजर त्या शिवणीवर पडली आणि तोंडातून निघून गेलं, "शिंपी."

काही लावलं होतं का, हा तिचा पुढचा प्रश्न. आणि मंडळी, अठ्ठावीस वर्षं ज्या वाक्यावर मी लोकांना झाडत आलो, तेच वाक्य मी तितक्याच निरागस चेहऱ्यानं म्हणालो. "नाही हो, काहीच नाही."

ती मुलगी भलतीच चौकस निघाली. कापड सुती की रेशमी? खडूनं आखता की पेन्सिलनं? कोरं कापड आधी भिजवता का? मशीनला तेल कोण घालतं? मी एका थापेला दुसरी थाप जोडत गेलो. म्हणाली, नव्या कापडाच्या रंगानं असं होऊ शकतं. हाताळता त्या कापडांचे तुकडे घेऊन शुक्रवारी या. एक साधं मलम दिलं. हे दुसऱ्याला लागणारं नाही ना, मी विचारलं. तिला तसं वाटत नव्हतं. तसा कागद मागितला, तोही तिनं दिला. मी उड्या मारतच निघणार होतो, तेवढ्यात तिनं अंगातला कोट काढून माझ्या पुढ्यात ठेवला. काका, तुम्ही शिंपीच आहात तर येताना एवढी शिवण घालून आणाल का, दुकानात न्यायला वेळच होत नाही.

कोट घेऊन घरी आलो.

कागद मुलीच्या हातात दिला. तिनं तो खालून वर आणि वरून खाली वाचला. मग विचारलं, "माझे बाबा शिंपी कधीपासून झाले?" कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, व्यवसाय शिवणकाम! मी खुलासा करायला लागलो तर म्हणाली, खोट्या जबानीवर मिळालेला निकाल रद्द होतो. त्या डॉक्टरला तुम्ही खरं सांगितलंच नाही, तर तिनं काय ओळखलं असणार? बोलणं अगदी खरं होतं. माझंच भाषण होतं ते. मी हात पुन्हा मागे बांधले.

आता शुक्रवारी काहीही करून नवा कागद मिळवायला हवा होता, आणि कोट न शिवता जायची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या खऱ्या शिंप्याकडे गेलो. तुकडे त्यानं पिशवीभर दिले, पण कोटाला आठ दिवस लागतील म्हणाला. बायकोला विचारलं. ती गणिताची शिक्षिका आहे. शिवणही येत नाही आणि ह्या लबाडीत भागीदारही व्हायचं नाही, असं तिनं पेपर तपासता तपासता सांगून टाकलं.

मग माझा अभिमान जागा झाला. अरे, मी किती हनुवट्या शिवल्यात, किती गुडघे शिवलेत, आणि ते सगळे शिवताना ओरडत होते! हा कोट तर हूं की चूं करणार नाही! दुपारी दवाखाना रिकामा असताना कोट टेबलावर आडवा घेतला, वरचा दिवा लावला आणि हात चालवला. कंपाउंडर दारात येऊन पाहून गेला. मग सवयीनं कापसाचा बोळा आणून ठेवला. अकरा टाके पडले. एका ओळीत, सारख्या अंतरावर, एकही इकडचा तिकडे नाही. स्वतःवर खूश होऊन मी कोटाची घडी घातली.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी आधी कापडाचे तुकडे पाहिले. मग कोट उलगडला. शिवणीवरून एकदा बोट फिरवलं. कोट खिडकीपाशी नेला. टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं,

"टाके सुरेख आहेत, काका. सातव्या दिवशी काढायला येऊ, की हे आपोआप विरघळणारे आहेत?"

शिंपी सलग शिवतो, हे मला का सुचू नये? मी एकेक टाका सुटा घातला होता, वाकड्या सुईनं, काळ्या दोऱ्यानं, प्रत्येकाला वेगळी गाठ मारून! तिनं नुसती खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, प्रॅक्टिसला किती वर्षं झाली?

मग मी सगळं सांगितलं. दवाखाना, कंपाउंडर, नकाशे, सोमवारचं मलम, बुधवारचं औषध, शुक्रवारची नमुन्याची ट्यूब. सांगताना मलाच माझी लाज वाटत होती. आणि मग उंबऱ्यातून पाहिलेली ती जांभईही सांगितली. ती हसली नाही. तिनं पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारलं, पुन्हा हात तपासले. दिवसातून हात किती वेळा धुता? प्रत्येक पेशंटनंतर, म्हणजे साठ-सत्तर वेळा. कशानं? कडक साबणानं, वर स्पिरिट. नंतर काही लावता? कधीच नाही.

निदान दोन मिनिटांत झालं. नायटा नाही, खरूज नाही. हाताचा इसब होता, साबण-पाण्यानं झालेला, आणि माझ्या तीन ट्यूबांनी भडकवलेला. हे निदान मी दुसऱ्या कोणाचंही दारातूनच केलं असतं! तिनं साबणाऐवजी वापरायला एक सौम्य क्लीन्झर दिलं, कोमट पाणी सांगितलं, दर धुण्यानंतर जाडसर मलम, आणि घरच्या तीनही ट्यूबा कचऱ्यात. शेवटी डॉक्टरपासून लपवून तुमचंच नुकसान होतं, हेही ती म्हणाली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्यापेक्षा चांगलं बोलली, आणि फक्त एक मिनिट.

नवा कागद दिला. व्यवसाय डॉक्टर. हा विकार संसर्गजन्य नाही. खाली ठळक अक्षरांत, साबण व वारंवार हात धुणे टाळावे.

घरी आलो तो जवळजवळ पळतच. मुलीनं कागद वाचला, सही पाहिली, तारीख पाहिली. बायकोनं चष्मा लावून वाचला. जावयानं वाचला. कोणाची काही हरकत नव्हती. मुलगी हसली, बाळाला दुपट्यात नीट गुंडाळून तिनं उचललं. मी खुर्चीत ताठ बसून दोन्ही हात पुढे केले.

"घ्या, बाबा," मुलगी म्हणाली, "पण बाहेरून आलायत ना, आधी साबणानं हात स्वच्छ धुऊन या."

मी तिच्याकडे पाहिलं. कागदाकडे पाहिलं. बाळानं जांभई दिली.

निमूट उठलो आणि धुऊन आलो. तिनं माझे हात उजेडात धरून पाहिले, आणि मला आणखी एकदा धुवायला पाठवलं. मी कागद उलटा ठेवला आणि पुन्हा साबण लावला!