दत्तूअण्णांचा काटा

दत्तूअण्णा यादवाडकरांना कुणी जेवायला बोलावलं, तर पानावर बसल्यावर ते आधी पिशवीतून काटा काढतात.

हा काटा वहीएवढा आहे, बॅटरीवर चालतो आणि ग्रॅमपर्यंत वजन सांगतो. माझ्या पुतण्याच्या मुंजीत, धारवाडला, मी त्यांच्या शेजारी बसण्याची चूक केली होती. वाढप्याने होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली. अण्णांनी ती घडी घालून काट्यावर ठेवली, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखला आणि चष्मा वर करून विचारलं, "तुपासकट की तुपाशिवाय?"

"तूप सोडलंय की अण्णा, एक पळी."

"पळी म्हणजे किती?"

"पळी म्हणजे... पळी. अंदाजानं."

"अंदाज म्हणजे गुन्हा," अण्णा म्हणाले.

 माझ्या उजवीकडच्या गृहस्थांनी आपली तिसरी होळिगे भाताखाली लपवलेली मी पाहिली.

अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हुबळीच्या बाजारातले काटे तपासले. दुर्गदबैलच्या बाजारात ते शिरले की कोपऱ्यावर असतानाच आतल्या गल्लीतली वजनं आपोआप खरी व्हायची, असं म्हणतात. लाचेचा तर प्रश्नच नव्हता. एका व्यापाऱ्याने दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला, तर अण्णांनी तो तोलला, छापलेल्या वजनापेक्षा वीस ग्रॅम कमी भरला म्हणून नोटीस दिली आणि डबा परत केला. ते निवृत्त झाले तेव्हा बाजाराने सुटकेचा श्वास सोडला. मग ती भीती केशवापुरात, आमच्या कॉलनीत राहायला आली.

पण आमच्या भीतीपेक्षा अण्णांची भीती मोठी होती, आणि तिला आकडा होता. बासष्ट. त्यांचे वडील बासष्टाव्या वर्षी गेले. थोरले भाऊही बासष्टाव्या वर्षीच, चहाचा कप हातात असताना. गेल्या वैशाखात अण्णांना एकसष्ट पूर्ण झाली. मुलगी बेंगळुरूहून फोन करून म्हणाली, "अप्पा, एकसष्टी करू या." अण्णा म्हणाले, "हे वर्ष उलटू दे. मग जे उरेल त्याची करा."

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, "दहा किलो वजन उतरवा आणि नीट जेवा." सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाप्रमाणे अण्णांनी त्यातला जो भाग मोजता येतो तेवढा उचलला. फोनवर उष्मांक मोजणारं ॲप घेतलं आणि दिवसाला बाराशे अशी मर्यादा स्वतःवर बसवली.

आता अडचण आली भाकरीची. इंदूअक्कांचं, म्हणजे अण्णांच्या बायकोचं, माहेर रायापूरच्या पलीकडचं. ज्वारी माहेरच्या शेतातून येते. अक्कांची भाकरी कधी थोडी मोठी होते, कधी लहान. पीठ हाताला जेवढं लागेल तेवढं. अण्णांनी सात दिवस सात भाकऱ्या तोलल्या आणि सातही वेगळ्या भरल्या. त्यांनी भाकरी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर काहीही छापलेलं नव्हतं.

"हे अप्रमाणित आहे," त्यांनी जाहीर केलं.

आणि मग वजनमापे खात्यातला माणूसच करू शकेल अशी चूक त्यांनी केली. ज्याच्यावर छापलेलं असतं, तेवढंच खायचं असं ठरवलं. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन असतं, तारीख असते, उष्मांक असतात. सकाळी चार बिस्किटं, दुपारी पाकिटातल्या अर्ध्या शेवया, संध्याकाळी डाएट चिवड्याची लहान पुडी. पुंडीपल्ल्याची म्हणजे अंबाडीची भाजी, मोडाचे मूग, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, ताक, सगळं बंद. कुणी समजवायला गेलं की एकच उत्तर, "छापलेलं दाखवा."

"भूक लागली की जेवावं, पोट भरलं की थांबावं," अक्का म्हणायच्या. "पोटाला काय आकडे शिकायला शाळेत घातलंय? भाकरी, पालेभाजी, कच्चा कांदा खावा. आमच्या अप्पांनी नव्वदीपर्यंत हेच खाल्लं बघा. कुणी तोललं नव्हतं त्यांना."

"तुझ्या अप्पांचे वडील कितव्या वर्षी गेले?"

"अठ्ठ्याऐंशी."

"मग त्यांना परवडतं," अण्णा म्हणायचे.

मी स्वतः कुठल्याच पक्षाचा नाही. सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे आहारशास्त्रातले शोध मला राजघराण्यांसारखे वाटतात. प्रत्येक नवं येतं ते आधीच्याची बदनामी करत. एकदा एका मंगल कार्यालयात सिरिधान्यांवर, म्हणजे भरडधान्यांवर, व्याख्यान होतं. अक्कांनी आम्हा दोघांना ओढून नेलं. रेशमी कुडत्यातले वक्ते म्हणाले की आपले पूर्वज राळे-वऱ्याचे दाणे खाऊन सडपातळ राहत. माझ्याकडे माझ्या पूर्वजांचे चार फोटो आहेत आणि चारही फोटोंत पोट चौकटीबाहेर गेलेलं आहे. व्याख्यानानंतर चहाबरोबर क्रीमची बिस्किटं होती. संपूर्ण कार्यक्रमात अण्णांना तेवढीच पटली.

तरीही माणूस रोज तेच ऐकत राहिला की भीती चढतेच. एका संध्याकाळी मी सर्कलपाशी चुरमुऱ्यांचं गिरमिट खात उभा होतो. मागून अण्णांचा आवाज आला, "सर, हे तासभराचं चालणं आहे." मी वळून पाहिलं नाही. पुढचा आठवडाभर मी गिरमिट बांधून घेऊन रिक्षात बसून खाल्लं.

जसजसं वर्ष पुढे सरकत होतं, तसतशी अण्णांची भीती अंगावर दिसू लागली. गालफडं बसली. जिना चढताना ते मधेच थांबून मनगट धरून नाडी मोजायचे. सकाळी सहाला माझा फोन वाजायचा.

"सर, छातीत डावीकडे काहीतरी."

"काय होतंय?"

"होत काही नाही. पण डावीकडे."

मी चप्पल पायात सरकवून जायचो. अण्णा खुर्चीत ताठ बसलेले असायचे, समोर चार बिस्किटं मांडलेली. दोनदा आम्ही लॅमिंग्टन रोडच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढला. दोन्ही वेळा चांगला आला. अण्णा तो कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते बघायचे. अक्कांना ते फोनवरून गॅस नोंदवायला शिकवायचे, पाण्याची मोटर कुठून बंद होते ते दाखवायचे.

"तुम्ही आहात की त्याला," अक्का म्हणायच्या.

"आत्ता आहे," अण्णा म्हणायचे. मला वाटतं, कॉलनीतल्या सगळ्यांनाच त्या फोनची भीती बसली होती. सकाळी तो वाजला नाही तर आणखी जास्त.

दर बुधवारी अण्णा वजन करत. त्यासाठी मोठा, उभं राहायचा काटा होता. काट्यावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. महिन्यातून एकदा ते बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून वीस किलोचं लोखंडी वजन आणून काटा पडताळून पाहत. माघातल्या एका बुधवारी तो व्यापारी लग्नाला निपाणीला गेला होता आणि दुकान बंद होतं. अण्णांनी दुसरी सोय केली. अक्कांचं वजन वीस वर्षं चौसष्ट होतं. न हलणारी वस्तू म्हणून त्यांनी अक्कांना काट्यावर उभं केलं.

दहा मिनिटांनी ते माझ्या दारात होते. अंगात बनियन, काखेत काटा.

"सर, काटा बिघडलाय. पंचावन्न दाखवतोय तिला. उभे राहा बघू."

मी उभा राहिलो. एक्काहत्तर.

"तुमचं किती?"

"एक्काहत्तर. परवाच दवाखान्यात बघितलंय."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काट्याला आतून दोरी बांधली होती. "पुन्हा उभे राहा. चष्मा काढून." पुन्हा एक्काहत्तर. ते स्वतः उभे राहिले. ब्याऐंशी. गेल्या बुधवारी होतं तेवढंच. मग त्यांची नजर आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तांदळाचं न उघडलेलं पोतं होतं, पंचवीस किलोचं. दोघांनी मिळून ते काट्यावर चढवलं. आकडा थोडा हलला आणि पंचविसावर थांबला. पोत्यावरही पंचवीसच छापलेलं होतं.

अण्णा पोत्याशेजारी जमिनीवर बसले. आयुष्यभर त्यांनी खोटे काटे पकडले होते. त्या सकाळी एक काटा खोटा निघावा म्हणून ते मनात काय काय बोलले असतील, ते मी विचारलं नाही. आठ महिन्यांत अण्णांचं वजन चार किलो उतरलं होतं. अक्कांचं नऊ, आणि त्यांनी काहीच मोजलं नव्हतं.

"कुठला रोग असेल, सर?" ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी त्यांना उठवून घरी घेऊन गेलो. अक्का कट्ट्याला टेकून चहा पीत होत्या. बशीत दोन बिस्किटं होती, अण्णांच्या पुड्यातली.

"अक्का, दुपारी काय जेवता तुम्ही?" मी विचारलं.

"जेवते की. असतंय काहीतरी."

"म्हणजे काय?"

"कधी चहा. कधी ह्यांच्या शेवया उरतात." त्या हसल्या. "तुम्ही काय दोघं पोलीस होऊन आलाय?"

"भाकरी?"

"एकटीसाठी कोण परात काढतंय, सर?"

मला तेव्हा आठवलं, की साडेअकराच्या सुमाराला आमच्या भिंतीपलीकडून भाकऱ्या थापण्याचा आवाज यायचा. तो कधी बंद झाला ते मला सांगता आलं नसतं. अक्का सगळ्या कॉलनीला पोटभर जेवायचा उपदेश करत होत्या आणि आम्ही सगळ्यांनी तो ऐकून सोडून दिला होता.

अण्णा बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. ते पायरीवर बसले होते, मनगट धरून, पण मोजत नव्हते.

"आमच्या थोरल्या वहिनी," ते म्हणाले. "भाऊ गेल्यावर त्यांनी हेच म्हटलं होतं. एकटीसाठी कोण परात काढतंय. अगदी हेच शब्द. मी दर रविवारी धारवाडला जायचो. त्यांच्या डब्यात नुसती खारी, टोस्ट. म्हणायच्या, जेवले मी. मी विश्वास ठेवला. दीड वर्षात गेल्या."

त्यांनी मनगट सोडलं.

"मरायची भीती मला नाही असं नाही, आहे. पण हे बासष्ट-बासष्ट मी का करत होतो? मी गेलो की इंदू अशीच जेवणार, म्हणून. आणि सर, मी अजून जिवंत आहे हो. मी समोर बसलेलो असताना ही तशी जेवायला लागली."

मी रिक्षा बोलावली.

त्याच दिवशी अक्कांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. रिपोर्ट यायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत अण्णांचा एकही फोन आला नाही. ते स्वतःची छाती विसरले होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "रोग काही नाही. जेवत नाहीत, एवढंच."

दुपारी अण्णांनी मला जेवायला बोलावलं. साक्षीदार म्हणून, असं ते म्हणाले. मी गेलो तेव्हा फळीवरची परात खाली आली होती. ती त्यांनीच काढली असावी, कारण तिच्याबरोबर वरची दोन भांडीही पडून चेपली होती. अक्का भाकऱ्या थापत होत्या आणि अण्णा ओट्याशी उभे राहून कांदा चिरत होते, अत्यंत वाईट. पुंडीपल्ल्याच्या भाजीवर लसणाची फोडणी होती. शेंगाचटणीवर तेल होतं, आणि ते किती होतं ते कुणीच विचारलं नाही.

तिन्ही ताटं वाढली. अण्णांनी भाकरी मोडली. त्यांचा आकड्यांवरचा विश्वास तीन दिवसांत जाणारा नव्हता. बासष्टावं वर्ष संपायला अजून तीन महिने होते, आणि हा प्रत्येक घास त्यातून काही दिवस कमी करतोय, अशी त्यांची खात्री असावी. घास तोंडात घालताना ते डोळे मिटत. मग उघडून अक्कांच्या ताटाकडे बघत. अण्णांनी घास घेतला की अक्का घास घेत. अण्णा थांबले की अक्कांचा हातही ताटात थांबे. हे अण्णांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते थांबेनासे झाले.

त्यांची पहिली भाकरी संपली. कपाळावर घाम आला होता. अक्कांच्या ताटात अजून अर्धी शिल्लक होती आणि त्यांनी ती बाजूला सरकवली होती.

"आणखी वाढू?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी त्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं.

"वाढ," ते म्हणाले.