पास्कूभाऊंचा न भरणारा रेडा

पास्कूभाऊ सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आले की आधी रेड्याची छाती मोजायचे, मग चहा घ्यायचे. सुंभाची दोरी त्याच्या पुढच्या पायांमागून फिरवायची, चिमटीत धरायची आणि तोंड पाडून साऱ्या आळीला ऐकवायचं, "नाय, अजून नाय भरला!"

रेडा त्यांच्या लेकीच्या, फिलूच्या लग्नाचा होता. आमच्या वटार गावात तेव्हा लेकीच्या लग्नाच्या जेवणासाठी बाप घरीच रेडा पोसायचा. पण पास्कूभाऊंनी वर शपथ घेतलेली. रेडा भरल्याशिवाय तारीख धरायची नाही म्हणजे नाही.

आता ही सोयरीक जुळवली मी, म्हणजे झोप उडाली ती माझी. नवरामुलगा बोटीवर नोकरीला. ईस्टरआधीचे उपवास लागले की आमच्यात लग्नं बंद, आणि ते संपायच्या आत त्याला परत बोटीवर चढायचं होतं. त्याची आई मला तोंडावर म्हणाली, "मार्थाबाय, तुमचा रेडा भरत नसेल तर आम्ही दुसरं घर बघतो."

पास्कूभाऊंना विचारावं तर ते व्याख्यानच झोडायचे. रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यांनी उसाच्या चोथ्याचं ऐकलं आणि माणूस वेडावला. स्टेशनजवळच्या रसवाल्यांकडून सायकलवर चोथ्याची पोती आणायचे. आळीतल्या सगळ्या मुंग्या त्या पोत्यांमागून शेजारी आमच्या घरात. शिवाय मळी, म्हणजे कारखान्यात साखर काढून उरलेला काळा पाक, एका ट्रकवाल्याला सांगून पिंपभर आणवलेली. "चोथ्यानं पोट भरतं, मळीनं अंग भरतं," हे त्यांनी मयताच्या घरीसुद्धा सोडलं नाही. आमच्या काडीसारख्या फादरांकडे बघून एकदा म्हणाले, "यांना महिनाभर द्या माझ्याकडे."

एवढं करून रेड्याच्या बरगड्या लांबून मोजाव्यात! कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे पोटात जंत. मी तर रेड्यासाठी नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरायची बाकी होते.

उपवासाला महिना उरला आणि माझं डोकं फिरलं. भर दुपारी तरातरा त्यांच्या गोठ्यात शिरले. मळीच्या पिंपाचं झाकण गंजून बसलेलं. कोयत्यानं उचकटलं, तर मळी काठोकाठ! वाटीभरसुद्धा कोणी काढली नव्हती.

"पास्कूभाऊ!" मी ओरडले. "अहो, नुसत्या कोरड्या चोथ्यावर जनावर भरेल होय? लेकीचं लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

मला वाटलं, आता भांडतील. पण ते गोठ्याच्या उंबऱ्यावर मटकन बसले.

"फिलूची आई गेली तेव्हा ही एवढीशी होती," ते म्हणाले. "तेव्हापासून घरात दोघांचंच शिजतं." मग मान वर न करता विचारलं, "मार्थाबाय, एकट्याला तांदूळ किती घालायचे गो?"

माझा सगळा राग गळून पडला. हातातला कोयता मी खाली ठेवला.

फिलू मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत जाऊन ती बादली घेऊन आली आणि बापापुढे ठेवत म्हणाली, "बाबा, थोडीथोडीच घाला. एकदम घातली तर त्याचं पोट बिघडेल."

पास्कूभाऊ उठले. बादलीत मळी घेतली, वर पाणी ओतलं, चोथ्यावर शिंपडून दोन्ही हातांनी कालवायला लागले. "फादरांना सांग बाय," खाली बघतच ते मला म्हणाले, "येत्या रविवारी चर्चमध्ये लग्न जाहीर करा म्हणावं."

हात कोपरापर्यंत काळे, चिकट झाले होते. डोळे पुसायची सोय नव्हती. ते फिलूनं पदरानं पुसले.