मोठ्या चाकांचे अप्पा लेले

अप्पा लेल्यांच्या मोटारीत मानाची जागा पाण्याच्या पेल्याला असे. मागच्या सीटच्या मधोमध फळी ठेवायची, तिच्यावर काठोकाठ भरलेला पितळी पेला, आणि मग बाजारातून थेट मांडवीच्या बंदरापर्यंत चक्कर. परत आले की अप्पा पेल्यात बोट बुडवून बघत आणि खट्टू होऊन म्हणत, "आज दोन पेरं सांडलं." रत्नागिरीत तेव्हा भाड्याच्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक पाण्याला हवा खायला नेते म्हटल्यावर गावाला हसायला आणखी काय पाहिजे?

हसणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे. शेजारच्या घरातली नवी सून, वय वर्षं सतरा, मराठी सात इयत्ता पास. आपण बोललो की बायका हसतात, म्हणजे आपण फार हुशार, अशी माझी ठाम समजूत. आज ती मुलगी भेटली तर तिच्या तोंडात गुळाचा मोठा खडा कोंबून तिला कोनाड्यात बसवीन.

मोटार अप्पांनी घाटावरच्या एका इनामदाराकडून जुनी घेतलेली. तिची चाकं लहान होती असं आम्हां कोणालाच वाटलं नव्हतं. अप्पांना वाटलं. कुठल्याशा मोडीत निघालेल्या लॉरीची थोराड चाकं त्यांनी आणली आणि धोंडू लोहाराकडून ठोकूनठाकून मोटारीला बसवली. मडगार्ड आड येत होते, ते कापले. काम झाल्यावर धोंडूने चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि विचारलं, "अप्पानू, शिडी पन आताच करू, का मागनं?"

शिडी नाही, पण चढाउतरायला एक घडवंची मोटारीला कायमची बांधलेली असे.

"हे कशासाठी हो अप्पा?" मी विचारलं होतं.

"चाकाला विचार, मला नको," अप्पा म्हणाले. हे त्यांचं सगळ्याला उत्तर. मग आत जाऊन त्यांनी एक नवाकोरा पांगुळगाडा आणला आणि तो उंबऱ्यावर ढकलला. गाडा अडला. "बघ. लहान चाक खळग्यात पडतं, मोठं वरून जातं. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी आपले रस्ते असे फाडून ठेवलेत, त्याला दुसरा इलाज नाही."

लेल्यांकडे मूल नव्हतं. मग पांगुळगाडा कोणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी फक्त घरी येऊन अप्पांची नक्कल करून दाखवली.

चाकांनी पेल्यातलं पाणी वाचवलं हे खरं, पण बाकी सगळ्याचा विचका केला. ब्रेक दाबला की मोटार विचार करून थांबे. अप्पांना आमच्या दारात उतरायचं असलं तर ती दोन घरं पुढे जाऊन उभी राही. हातातलं स्टिअरिंगचं चक्र फिरवताना अप्पांचे दंड भरून येत. पुरतं वळवलं तर चाक पत्र्याला घासे, म्हणून मोटार फिरवायला मोठं मैदान लागे. वळणावर ती वल्हवलेल्या होडीसारखी कलायची. वेगाचा काटा वीस दाखवी तेव्हा मोटार पंचवीसने पळत असे. अप्पांना त्याचं भारी कौतुक: "काटा फेऱ्या मोजतो गो. चाक मोठं झालंय हे त्याला कोणी सांगितलंय?"

आणि चढण! एवढं चाक फिरवायला इंजिनात जीव कुठला? अर्ध्या चढणीत ते धापा टाकून बंद पडे. मग अप्पांना शोध लागला की या मोटारीत सगळ्यात जास्त जोर मागे जायच्या गिअरला आहे. तेव्हापासून ते चढणीच्या पायथ्याशी मोटार वळवून घेत आणि मान मागे मुरडून उलटी वर चढवत. गिऱ्हाईक कमी झालं. वर जाताना खालचं गाव बघायची हौस सगळ्यांना नसते.

आमची घरं त्या चढणीच्या पायथ्याशीच. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. ओटीवर पंधरा-वीस बायका डाळ-पन्हं घेत बसलेल्या. तेवढ्यात लेल्यांची मोटार निघाली. मागे जानकीवहिनी, अप्पांची बायको, गाठोडं मांडीवर घेऊन. मोटारीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. निघाल्या होत्या पालीला, माहेरी. माझंही माहेर पालीच. मोटार उलटी वर चढू लागली आणि वहिनींचं तोंड आमच्याकडेच राहिलं.

मी मोठ्याने म्हटलं, "वहिनी निघाल्या माहेरी, पण तोंड काही सासरहून हलेना!"

ओटी हसून लोटपोट झाली. मोटार सरळ जाणारी असती तर वहिनींची पाठ असती आमच्याकडे. हसू ऐकू आलं असतं, दिसलं नसतं. त्यांना एकेकीचे दात दिसले. मोटार मध्येच थांबली. अप्पांनी घडवंची सोडून खाली ठेवली, वहिनी उतरल्या, पदर ओढून खाली चालत आल्या आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी धोंडू चाकं काढत होता. "झिजली वाटतं?" मी कुंपणावरून विचारलं.

"चाकं चांगली आहेत," अप्पा म्हणाले. "हिला लाज वाटते."

जुन्या चाकांवर मोटार वहिनींना घेऊन सरळ तोंडाने, झोकात चढण चढून गेली. कोणी हसलं नाही. चौथ्या दिवशी पालीहून निरोप आला. सासूबाई मागल्या दारी कुळीथ पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "जानकीचं गेलं गो. हे तिसरं."

"तिसरं?"

"पहिली दोन बैलगाडीच्या प्रवासानंतर गेली. अप्पा म्हणायचा, रस्त्यानं नेली. म्हणून तर पेला घेऊन हिंडत होता."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"चौथा महिना कोणी ओटीवर सांगतं, कार्टे? आणि तुला सांगायचं म्हणजे गावात दवंडी पिटायची."

माझी नात डॉक्टर आहे. ती म्हणते, रस्त्याच्या धक्क्यांनी असं होत नसतं, आजी. असेलही. पण अप्पांना तेव्हा ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. लेल्यांच्या घरातून मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी मला सातवा महिना लागला. पालीला कसं जायचं याचं घरात बोलणं चाललं होतं, तर एका सकाळी दारात लेल्यांची मोटार. दोन घरं पुढे जाऊन थांबलेली. पाहते तो लॉरीची चाकं! सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून सोबतीला जानकीवहिनी आल्या होत्या. घडवंचीवर माझा हात धरून त्यांनीच मला वर घेतलं.

मोटार उलटी चढण चढली. पायथ्याच्या ओट्यांवर बायका होत्याच. वहिनींनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं आणि माझ्या पाठीमागची उशी सारखी केली.

सड्यावरचा, कातळमाळावरचा रस्ता लागला. खळगा आला की वहिनींचा हात माझ्या कमरेमागे जाई, खळगा गेला की परत मांडीवर. शेवटी म्हटलं, "वहिनी, त्या चैत्रगौरीला मी जे..."

"गप्प राहा गो," त्या म्हणाल्या. "बोललीस की पोट हलतं."

अप्पांनी मागे पाहिलं नाही. मोटार आणखी हळू केली. मी गप्प राहिले, ती पाली येईपर्यंत, आणि मग ते दोघे असेपर्यंत.