नमुन्यातला लाल ठिपका

सासूबाई मला खांब म्हणाल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

क्लार्कनवेलच्या आमच्या घरात एकच मोठं टेबल आहे आणि ते माझं नाही. त्यावर घरातल्या बायका छापील चित्रं रंगवतात. माझी बायको हेस्टर आभाळाचा निळा लावून कागद पुढे सरकवते, मेहुणी केझाया गवताचा हिरवा लावते, आणि सासूबाई, म्हणजे मिसेस गॅड्सबी, मातीचा तपकिरी आणि उरलंसुरलं. समोर प्रकाशकाने रंगवून दिलेला नमुना उभा असतो. नमुन्यात गाय निळी असली, तर आमच्याकडे गाय निळी होते. का, ते विचारायचं नाही. मला टेबलाजवळ यायची मनाई आहे (एकदा मी ब्रश धुतलेलं पाणी चहा समजून प्यायलो होतो, आणि चहा बरा झालाय, असंही म्हणालो होतो).

तर, ट्रँटर नावाच्या प्रकाशकाने एका नव्या चित्राच्या ऐंशी प्रती दिल्या. टेकडी चिरून रेल्वेचा रस्ता काढताहेत, मुंग्यांसारखे मजूर, ढकलगाड्या, दोर, धूर. शनिवारी दुपारी माल हवा. काम पसंत पडलं तर पुढची बाराही चित्रं आमच्याकडे. नमुन्याबाहेर एक ठिपका दिसला तरी काम दुसऱ्या घरी. हेस्टरने त्या बारा चित्रांवर आशा ठेवली होती. तिला लोकांच्या घरी शिवणाला जाणं बंद करायचं होतं.

मी ते चित्र पाहिलं आणि उडालोच. कारण मी तिथे होतो! मी रेल्वेच्या कचेरीत कारकून. मार्चमध्ये इंजिनिअरसाहेबांना पत्र द्यायला गेलो, तर एक चित्रकार स्टुलावर बसून तीच टेकडी काढत होता. मी हॅट सरळ केली, एका मातीच्या ढिगावर चढलो आणि पाचशे मजूर माझ्याच हुकमाची वाट बघताहेत अशा थाटात हात वर करून उभा राहिलो. दोन तास. (नंतर दमून जरा टेकलो. ते घरी सांगण्यासारखं नाही.)

"हा बघ, हा मी," मी हेस्टरला म्हणालो.

"कुठे?"

"ढिगावर. हात वर केलाय तो."

सासूबाईंनी चष्मा लावला. "हा खांब आहे."

"आई, खांबाला हात असतो का?"

"तुम्हाला तरी कुठे आहे, जावईबापू? आठ वर्षं बघतेय, घरातल्या एका कामाला लागलेला पाहिला नाही."

केझाया इतकी हसली की तिचं गवत आभाळात गेलं. तिथेच मी ठरवलं, यांना दाखवायचंच.

गुरुवारी तिघी शेजारच्या बारशाला गेल्या. माझी दाढ दुखत होती (नव्हती). मार्चमधल्या त्या दिवशी मी लाल वेस्टकोट घातला होता, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. एकाच प्रतीवर एकच लाल ठिपका दिला की झालं! मी प्रतींच्या ढिगातली सगळ्यात वरची प्रत घेतली, ब्रश बुडवला, श्वास रोखला. वेस्टकोट झकास जमला. मग शिंक आली आणि लाल रंग थेट वर केलेल्या हातावर गेला.

शुक्रवारी कचेरीतून ऐटीत घरी आलो. "आता बघा बरं खांबाकडे," म्हणत एक प्रत उचलली. तिच्यावर लाल ठिपका. दुसरी उचलली. लाल. तिसरी, चौथी, दहावी... सगळ्या लाल, आणि सगळ्या शिंकलेल्या.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "नमुन्यात होतं."

"बारशाला जाताना नमुना प्रतींच्या ढिगावर आडवा ठेवला होता," हेस्टर म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "अहो, तुम्ही..."

मी सगळं सांगून टाकलं. हेस्टर खुर्चीत बसली. ओरडली नाही, हेच वाईट. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला खरोखर स्वतःची लाज वाटली. रंग काढायला मी पावाचा गर घासून पाहिला. ठिपका गेला, पण त्याबरोबर कागदही गेला. सासूबाईंनी माझ्या हातातून पाव काढून घेतला आणि मला जिन्यात बसवलं.

शनिवारी ट्रँटर आले, त्यांच्याबरोबर तोच चित्रकार. मी पुढे झालो. "साहेब, चूक माझी आहे, या बायकांचा काही दोष..."

"हा लाल बावटा कुणाच्या लक्षात आला?" चित्रकाराने मध्येच विचारलं.

हेस्टरने एक प्रत उचलून पुन्हा निरखली.

"सुरुंग उडवायच्या आधी ढिगावरच्या खांबाला लाल बावटा लावतात. नमुना रंगवताना मीच विसरलो होतो. वाऱ्याने फडकलेला सुद्धा दाखवलाय! ट्रँटर, बाराही चित्रं इथेच द्या."

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "खांब आहे."

हेस्टर हसत होती, रडत होती, माझा हात दाबत होती. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण माझ्याने राहवेना. "आणि तिथे हात वर करून एक रुबाबदार गृहस्थ उभे होते, त्यांचं काय?"

"तुम्हाला कसं माहीत? होता खरा एक. दोन तास खांबासमोरून हलेना. शेवटी खांब मनानेच काढला आणि त्याला गाळला." चित्रकार माझ्याकडे निरखून बघू लागला आणि एकदम खूश झाला. "पण नंतर तो मला फार उपयोगी पडला."

कसा, ते पाचव्या चित्राचा नमुना आला तेव्हा कळलं. मागे बोगद्याचं तोंड, आणि अगदी पुढे, वीतभर मोठा, उलट्या ढकलगाडीवर आडवा होऊन झोपलेला एक माणूस. तोंड उघडं, छातीवर इंजिनिअरसाहेबांचं न दिलेलं पत्र.

सासूबाईंना या वेळी चष्मासुद्धा लागला नाही. "हे मात्र आमचे जावईबापू!"

नमुन्यात त्याचं नाक लाल आहे. दोनशे प्रती आहेत. सासूबाईंनी तपकिरी रंग केझायाला देऊन टाकलाय आणि सकाळपासून एकट्या नाकंच रंगवताहेत.