तात्यांचा बिऱ्हाडकरू

घरात रातकिडा शिरला तर तुम्ही काय उचलता? चप्पल की काकडी?

ठाकुर्लीला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणारे तात्या काकडी उचलतात. वीजघरातून निवृत्त झालेले हे फिटर चुलीमागच्या भेगेपाशी रोज एक चकती ठेवतात. कुणी हसलं की म्हणतात, "किडा काय म्हणतोस मेल्या! बिऱ्हाडकरू आहे तो माझा."

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी परीक्षा. "वाजतोय ना?" गणपतीची वर्गणी मागणाऱ्यांनाही आधी हेच. शेजारचा बंडू मुद्दाम म्हणायचा, "तात्या, आज सूर चढा लागलाय."

"उकडतंय ना त्याला!" तात्या अभिमानाने सांगायचे.

मग हिवतापाच्या फवारणीची माणसं आली. आदल्या दिवशी मीच दारोदार पत्रक वाचून दाखवलं होतं. सगळ्यांनी भांडीकुंडी बाहेर काढली. तात्या मात्र उंबऱ्यात मांडी घालून बसले.

"आधी माझ्यावर मारा."

"आजोबा, ढेकूणपण मरतील हो," पंपवाला म्हणाला.

"ढेकूण मारा. त्याला नाही."

मी तावातावाने पुढे झालो. "तात्या, एका किड्यापायी माणसं तापाने मरू द्यायची? कसलं हे गाण्याचं वेड?"

"गाणं?" तात्या म्हणाले. "मला कुठं ऐकू येतं रे ते? बॉयलरपाशी जन्म गेला. तुझं ओरडणं येतं ऐकू, तो बारीक सूर केव्हाच गेला. ही ऐकायची. दिवेलागणीला म्हणायची, 'अहो, वाजतोय हो. बसा जेवायला.' आता येईल त्याला विचारतो. कुणी हो म्हटलं की घास उतरतो."

पंपवाल्याने नळी खाली केली.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत सुमनचं तान्हं रडलं. ते मात्र तात्यांना ऐकू आलं.

"हीसुद्धा हिवतापानंच गेली," ते पुटपुटले. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चुलीजवळची भांडी स्वतःच बाहेर आणू लागले. "मारा. लेकरू आहे शेजारी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गेलो. भिंतींवर पांढरे ओघळ होते, औषधाचा वास नाकात बसत होता. भेगेपाशी काकडीची ताजी चकती. भेगेतून बारीकसाही आवाज येत नव्हता. तात्यांनी ताट वाढून घेतलं होतं, हात लावला नव्हता.

"वाजतोय ना?"

"वाजतोय, तात्या."

ते जेवू लागले.

पत्रकातला शब्दन्‌शब्द खरा होता. आजही मी तो दारोदार वाचून दाखवीन. खोट्याचा मला तिटकारा आहे. तरीही, कधी ठाकुर्लीला उतरलात तर संध्याकाळी आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीपाशी थांबा. म्हातारा विचारील. कान लावू नका, हो म्हणा.