‘प्रेमळ’चा दाखला

वाईट माणसं मरत नाहीत. पूर्व दिल्लीतल्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत कोणीही फेरफटका मारावा, खात्री पटेल. गेल्या वर्षी आमच्या समितीने ४१२ कबरींची पाहणी केली. प्रेमळ पती १७८, मनमिळाऊ १३१, सर्वांचे लाडके ९६. उरलेल्या सातांवरची अक्षरं झिजली होती (तेही चांगलेच असावेत).

दफनभूमी ही कलेची आणि स्मृतीची जागा आहे, तिथे थापा शोभत नाहीत. समितीतले आम्ही सगळे केंद्र सरकारातून निवृत्त झालेले, त्यामुळे नियम दोन बैठकांतच तयार झाला. शिळेवरच्या प्रत्येक विशेषणाला पुरावा जोडावा. ‘कष्टाळू’ला कार्यालयाचा, ‘मनमिळाऊ’ला दोन शेजाऱ्यांचा, ‘प्रेमळ’ला पत्नीचा दाखला. अर्ज स्वतः, हयातीच्या दाखल्यासह करावा. (मृतांचे अर्ज घेतले जात नाहीत. त्यांनी वेळेत यायला हवं होतं.)

पहिला अर्ज मयूर विहारमधल्या अमोल साळव्यांचा आला. निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या छातीत दुखलं (गॅस निघाला) आणि तेव्हापासून आपल्या दगडावर नुसतं नाव आणि तारखा येतील, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. ‘कष्टाळू’ कार्यालयाने हजेरीच्या नोंदी पाहून परत पाठवलं. ‘मनमिळाऊ’ शेजाऱ्यांशी झालेल्या पार्किंगच्या भांडणावर अडलं. आता सगळी भिस्त ‘प्रेमळ’वर होती.

सोमवारी त्यांनी फॉर्म पत्नीपुढे, सुनंदाताईंपुढे ठेवला.

“बघते,” म्हणत त्यांनी तो फ्रिजवर ठेवला.

बुधवारीही तो फ्रिजवरच होता.

“अगं, एक साइन तर करायचीय यार!”

“अहो, खाली वाचा. उदाहरण द्या, असं लिहिलंय. तुम्हीच सुचवा ना एखादं. चौतीस वर्षांतलं कुठलंही चलेगा.”

साळवे विचार करायला बाल्कनीत गेले, ते जेवायलाच आत आले. मला खरंच त्यांची दया आली.

गुरुवारपासून सकाळचा चहा तेच करू लागले. मेथी निवडली (काड्यांसकट). सुनंदाताईंचा गुडघा उजवा दुखतो की डावा, हे विचारलं. (दोन्ही. सहा वर्षांपासून.) मग रोज तेल लावून द्यायला लागले.

अकरा दिवसांनी सही झाली. उदाहरणासह. त्यानुसार शिळा घडवून आम्ही शेडमध्ये ठेवली आहे, आणि आमच्याकडची सगळ्यांत सुंदर शिळा तीच, असं माझं मत आहे: ‘अमोल साळवे. प्रेमळ पती (११ दिवस).’

साळवे तेव्हापासून दर महिन्याला दुरुस्तीचा अर्ज करतात. आकडा चौदा महिन्यांवर गेलाय. दगड घासून घासून पातळ झाला, पण साळवे काही मरायला तयार नाहीत.

ही योजना आता सर्वधर्मीय वाचकांसाठी खुली आहे (दहन करणाऱ्यांना फोटोखाली ओळ मिळेल). फॉर्म फ्रिजवर ठेवा आणि सहीची वाट बघा. दिवस आजपासून मोजता येतील. मात्र घरातलं माणूस स्वयंपाकघरात उभं असताना तुम्ही हे वाचत बसलात, तो वेळ धरला जाणार नाही.